मोशेनंतर कोण?

मृगाचा पाऊस पडून रानाला वाफसा आला म्हणजे धाराशिवजवळच्या बेंबळीसारख्या गावी पूर्वी एक गोष्ट दरवर्षी दृष्टीस पडे. आणि जेथे अजून बैलांची तिफण चालते तेथे ती आजही पडते. घरातला वडीलधारा मनुष्य चाड्यावर मूठ धरून पेरीत असतो, आणि तरुण मुलगा तिफणीमागून चालत त्याचा हात न्याहाळीत असतो. एके वर्षी त्या वडिलांचा हात कापू लागतो. दाणे एका ठिकाणी दाट तर दुसऱ्या ठिकाणी विरळ पडू लागतात. तेव्हा तो बैल थांबवतो, कपाळावरचा घाम पुसतो आणि मुलास म्हणतो, "आता तू धर." त्या दिवशी त्या घरात काय घडले हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळतही नाही. पण घरातल्यांना कळते की, एक पिढी मावळली व दुसरी उभी राहिली. मुलाच्या मनात त्या वेळी आनंदापेक्षा भीतीच अधिक असते. कारण मूठ चुकली तर ती आठ दिवसांनी उगवून साऱ्या गावाला दिसते.

प्रिय वाचकहो, यहोशवाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय ह्याच भीतीने थरथरणाऱ्या एका मनुष्याविषयी आहे. परमेश्वराने त्यास एकदा नव्हे, तीन वेळा धीर धरण्यास सांगितले. ज्यास भीती नाही त्यास कोणी तीन वेळा असे सांगत नाही. तो अध्याय आपण पुष्कळदा वाचतो व त्यातील अभयवचन मनाशी धरतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या पोटी एक कठीण प्रश्न आहे, तो मात्र आपण टाळतो. पुढाऱ्यास अधिकार कोठून येतो? रक्तातून, लोकांच्या पसंतीतून, गेलेल्या पुढाऱ्याच्या मर्जीतून, की देवापासून? आणि देवापासून येत असेल, तर 'मला देवाने नेमले आहे' असे म्हणणारा हरएक मनुष्य खरा कशावरून? ज्या मंडळीत जुना पाळक निवर्तला आहे, किंवा म्हातारा उपदेशक थकला आहे, तेथे हा प्रश्न पुस्तकातला राहात नाही, तो दाराशी येऊन बसतो.

प्रथम प्रसंग पाहू. इस्राएल लोक मवाबाच्या मैदानात उतरले होते. समोर यार्देन नदी व नदीपलीकडे यरीहो. मिसर देशातून निघाल्यास चाळीस वर्षे लोटली होती. एकशेवीस वर्षांचा मोशे नबो डोंगरावर चढला, वचनाचा देश त्याने डोळ्यांनी पाहिला, आणि त्यात पाऊल न टाकता तो तेथेच मरण पावला. त्याची कबर कोठे आहे हे कोणासही ठाऊक झाले नाही. लोकांनी तीस दिवस शोक केला. ह्या तीस दिवसांत परमेश्वराने यहोशवास घाई केली नाही. रडणाऱ्यांस त्याने रडू दिले. पण शोकाचे दिवस सरले तेव्हा त्याने जे सांगितले ते स्पष्ट होते: मोशे गेला आहे, तर आता तू ऊठ आणि ह्या लोकांसह नदी उतरून जा. मरणाची वार्ता आणि उठण्याची आज्ञा ह्यांमध्ये श्वास घेण्याइतकेही अंतर नाही. मोशेची कबर लोकांस सापडली असती, तर कदाचित ते तिच्याभोवतीच मुक्काम ठोकून बसले असते. नदी तशीच राहिली असती.

आता यहोशवाची निवड कशी झाली ते पाहू, म्हणजे आपल्या प्रश्नास थोडा उजेड मिळेल. ती निवड यहोशवाच्या पुस्तकात झालेली नाही, गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात झाली आहे. त्या अध्यायाची रचना मोठी विचार करण्याजोगी आहे. आरंभी सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे येतात. बाप मेला, भाऊ नाही, तर बापाच्या जमिनीचा वाटा आम्हांस का मिळू नये, असा त्यांचा दावा असतो. परमेश्वर त्यांचा दावा खरा ठरवितो; बापाची जमीन त्यांच्याकडे जाते. आणि लगेच, त्याच अध्यायात, मोशेच्या जागी कोण, हा प्रश्न येतो. मोशेस गेर्षोम व अलियेजर असे दोन पुत्र होते. नुकताच वारसाचा निवाडा झालेला होता. मोशेने आपल्या मुलांचे नाव पुढे केले असते तर कोणास नवल वाटले नसते. त्याने ते केले नाही. मेंढपाळावाचून मेंढरांची दशा होते तशी ह्या लोकांची होऊ नये, एवढेच त्याने मागितले. आणि परमेश्वराने निवडला तो लेवी वंशाचाही नव्हता. एफ्राइम वंशातला नूनाचा पुत्र यहोशवा होता.

जमीन वारशाने जाते. पुढारीपण वारशाने जात नाही. हे एकाच अध्यायात शेजारी शेजारी मांडलेले आहे. आपल्या मुलखास हे समजणे कठीण नाही, कारण आपल्या वाडवडिलांनी वतनाचा जमाना पाहिला. पाटलाचा मुलगा पाटील, कुलकर्ण्याचा मुलगा कुलकर्णी; आणि ज्यांच्या वाट्यास गावकीची राबणूक आली त्यांचा मुलगाही जन्मतःच त्या राबणुकीस बांधलेला. मुलाच्या अंगी गुण आहे की नाही हे कोणी विचारीत नसे, आणि ज्याच्या अंगी गुण आहे त्यास जागा मिळत नसे. १९४८ सालच्या सप्टेंबरात निजामाचे राज्य गेले. पुढे वतनेही कायद्याने गेली. परंतु वतन कागदावरून जाते तितक्या लवकर मनातून जात नाही. उपदेशकाचा मुलगा उपदेशक व्हावा यात वाईट काही नाही, जर त्यास पाचारण असेल. पण 'आमच्या घराण्याने ही मंडळी वाढविली, म्हणून किल्ली आमच्याकडेच राहील' असे जेथे बोलले जाते, तेथे वतन पुन्हा आले असे समजावे. मोशेच्या घराण्याविषयी शास्ते ह्या पुस्तकात एक खिन्न करणारी नोंद आहे. दान वंशाच्या लोकांनी कोरीव मूर्ती उभी केली, आणि तिचा पुजारी गेर्षोमाच्या वंशातला योनाथान झाला. जुन्या इब्री नकलकारांना ह्याची इतकी लाज वाटली की, तेथील मोशेच्या नावात त्यांनी एक अक्षर वर टांगून लिहिले, म्हणजे ते नाव मनश्शे असे वाचता यावे. मोठ्या बापाचे रक्त मुलास मूर्तीपासूनही वाचवू शकले नाही. मग ते त्यास पुढारी कसे करणार?

तर मग यहोशवाची योग्यता कशात होती? त्याच्यामध्ये आत्मा आहे, असे परमेश्वराने त्याजविषयी म्हटले. पण हा आत्मा एका दिवसात दिसून आला नव्हता. अमालेकाशी झालेल्या लढाईत तो प्रथम आढळतो. मोशे दर्शनमंडपातून छावणीत परत जाई, तरी हा तरुण सेवक तेथून हलत नसे. कनान हेरण्यास गेलेल्या बारा जणांपैकी दहा जणांनी लोकांचे मन खचविले. कालेब व यहोशवा ह्या दोघांनीच धीराची साक्ष दिली, आणि लोक त्यांस दगडमार करावयास उठले. एवढे खरे बोलूनही त्यास काय मिळाले? चाळीस वर्षे रान. दहा जणांच्या अविश्वासाची शिक्षा ह्या दोघांनीही लोकांबरोबर चालून भोगली, आणि यहोशवाने त्याबद्दल कुरकुर केल्याचे कोठे लिहिलेले नाही. शेतकरी नवा खोंड जुन्या बैलाच्या जोडीस जुंपतो, तो ह्याचकरिता. जो मागे चालणे शिकला नाही, त्यास पुढे चालविता येत नाही.

ह्याबरोबर हेही सांगितले पाहिजे की, यहोशवा चुकत असे. अलदाद व मेदाद हे छावणीत संदेश देऊ लागले, तेव्हा त्यांस बंद करा, असे तोच मोशेला म्हणाला. आपल्या गुरूच्या मानाची त्यास काळजी वाटली. मोशेने त्यास समजाविले की, देवाच्या सर्वच लोकांनी संदेष्टे व्हावे हेच मला पाहिजे. शिष्य गुरूपेक्षा अधिक कडवा होतो, हा जगाचा अनुभव आहे. आणि गुरू जर खरा असेल तर तो शिष्याचा हा कडवेपणा हळूच काढून टाकतो.

आता दुसरी बाजू पाहू. मोशेने काय केले? परमेश्वराने त्यास सांगितले, यहोशवावर आपला हात ठेव. इब्री वचनात तेथे एक हात आहे. पुढे मोशेने तसे केले असे लिहिले आहे, तेथे मात्र दोन्ही हात आहेत. यहूदी टीकाकारांनी पुरातन काळीच ही गोष्ट टिपून ठेवली: आज्ञा एका हाताची होती, मोशेने दोन्ही हातांनी दिले. वाचकहो, अधिकार सोडणे सोपे नाही. कित्येक जण एका हाताने देतात आणि दुसऱ्या हाताने चोपडी व किल्ली घट्ट धरून ठेवतात. नवा मनुष्य नेमला जातो, पण जुना रोज सकाळी येऊन त्याचे काम तपासतो. आणि लोकही 'पूर्वीच्या वेळी असे नव्हते' एवढे म्हणून त्याचे हात तोडतात. मोशेने हे सर्व मंडळीसमक्ष, एलाजार याजकासमोर, उघड्यावर केले. मागाहून कोणी म्हणू नये की कानात सांगितले होते.

हीच गोष्ट आपल्या मराठी मंडळ्यांच्या इतिहासातही घडली आहे. अमेरिकन मराठी मिशनाचा आरंभ १८१३ साली मुंबईस झाला. गॉर्डन हॉल हे पहिल्या मिशनऱ्यांपैकी एक. १८२६ साली नाशिकच्या बाजूस उपदेशाच्या फेरीवर असता त्यांस पटकीने मरण आले. नबोवरील मोशेप्रमाणे त्यांनीही पुढला देश दुरूनच पाहिला. पुढे १८५४ साली अहमदनगर येथे हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक ह्या दोघा मराठी गृहस्थांस पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. म्हणजे आरंभापासून एकेचाळीस वर्षे गेली. इस्राएलाच्या रानातील वर्षांपेक्षा एक अधिकच. इतका काळ का लागला? मिशनऱ्यांस वाटे, हे अद्याप तयार नाहीत. आणि आपल्या लोकांसही वाटे, साहेबावाचून आपले कसे होईल? दोन्हीकडे भीतीच होती. ज्या दिवशी हात ठेवले गेले त्या दिवशी ती भीती संपली असे नाही, पण पाऊल पाण्यात पडले. पुढे याजकांची पावले यार्देनेच्या काठच्या पाण्यात बुडाली तेव्हाच प्रवाह थांबला, आधी थांबला नाही, हेही यहोशवाच्याच पुस्तकात लिहिले आहे.

दुसरे उदाहरण निजामाच्या राज्यातले आहे, ज्या राज्यात त्या काळी आपला धाराशिव जिल्हाही होता. १९१२ सालच्या डिसेंबरात वेदनायगम सॅम्युएल अझरिया यांस कलकत्त्यास बिशपपदाची दीक्षा मिळाली व तेलुगू मुलखातील दोर्णकल त्यांजकडे सोपविण्यात आले. अँग्लिकन मंडळीत भारतीय मनुष्य बिशप होण्याचा हा पहिला प्रसंग होता. भारतीय मनुष्याच्या हाताखाली गोऱ्या मिशनऱ्यांनी काम कसे करावे, असे म्हणणारे होते; आणि आपल्यांतीलही कित्येकांस तो मान आपल्यापैकी एकाला मिळाला हे रुचले नाही. अझरियांनी दोहोंसही शब्दाने उत्तर देत बसण्यापेक्षा खेड्यापाड्यांतील गरीब मंडळ्यांत फिरणे पत्करले, आणि १९४५ सालच्या पहिल्या दिवशी मरण येईपर्यंत तेच केले.

तिसरे उदाहरण केडगावचे. पंडिता रमाबाईंच्या मागे त्यांची कन्या मनोरमाबाई मुक्तीचे काम पाहील, असे सर्वांस वाटत होते. तिने वर्षानुवर्षे आईच्या खांद्यास खांदा लावून त्या कामाचा भार उचलला होता. पण १९२१ साली मनोरमाबाईच आधी गेल्या, आणि १९२२ च्या एप्रिलात रमाबाईही गेल्या. जिच्यावर हात ठेवावयाचे तिलाच हात देऊन पोचवावे लागले. तरी काम बुडाले नाही. ते आजही चालू आहे. आपण ठरविलेला यहोशवा परमेश्वर कधी कधी आपल्याआधीच नेतो. त्या वेळी 'मोशेबरोबर असलेला मी तुझ्याबरोबरही असेन' ह्या अर्थाच्या वचनाची खरी परीक्षा होते. कारण ते वचन मनुष्याच्या योजनेवर टेकलेले नाही.

येथवर आलो तरी आपल्या प्रश्नाचा सर्वांत कठीण भाग राहिलाच आहे. 'देवाने मला नेमले' असे म्हणून कोणी वाटेल ते करू लागला तर? यहोशवाच्या पुस्तकातील युद्धे वाचताना आपले मन दुखते, आणि दुखावेच. मागाहून कित्येक बलाढ्य राष्ट्रांनी स्वतःस इस्राएल व दुसऱ्यांस कनानी ठरवून त्यांच्या जमिनी घेतल्या, आणि हेच पुस्तक हातात धरले. ज्यांच्या पूर्वजांस गावकुसाबाहेर ठेवण्यात आले, त्यांस हे सांगावयास नको की, देवाचे नाव घेऊन मनुष्य मनुष्यास किती खाली दाबू शकतो.

म्हणून त्या नेमणुकीच्या मर्यादा नीट पाहिल्या पाहिजेत. त्या त्याच शास्त्रात आहेत. यहोशवास मोशेचा सर्व अधिकार मिळाला नाही, त्यातला काही मिळाला; आणि निर्णय घ्यावयाचा तेव्हा त्याने एलाजार याजकापुढे उभे राहून परमेश्वराचा कौल घ्यावा असे ठरले. नियमशास्त्राचे मनन त्याने रात्रंदिवस करावे, त्यापासून उजवीकडे वा डावीकडे वळू नये, ही अट अभयवचनाच्या मध्येच घातलेली आहे. पुढारी नियमाच्या वर नाही, नियमाखाली आहे. लोकांनीही आज्ञा पाळण्याचे वचन दिले, पण परमेश्वर मोशेबरोबर होता तसा तुझ्याबरोबर असो, एवढे बोलून. हा आशीर्वाद आहे आणि ही अटही आहे.

आणि सर्वांत मोठी मर्यादा यरीहोजवळ आहे. उपसलेली तरवार हाती घेतलेला एक पुरुष यहोशवास दिसला. यहोशवाने विचारले, तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या? उत्तर आले, नाही. तो परमेश्वराच्या सैन्याचा सरदार होता. कोणाच्या पक्षाचा नव्हता. नेमलेल्या पुढाऱ्यासही देव आपला पक्षकार म्हणून मिळाला नाही. त्यास पायांतील जोडे काढावे लागले. जो मनुष्य 'देव माझ्या बाजूचा आहे' असे म्हणतो, त्याने जोडे काढलेले नाहीत असे समजावे. जो 'मी देवाच्या बाजूस आहे ना?' असे भीत भीत विचारतो, त्याच्या मागे चालण्यास हरकत नाही.

ह्या मर्यादा यहोशवाने एकदा सोडल्या, आणि तेही लिहून ठेवले आहे. गिबोनाचे लोक जुने जोडे व बुरसटलेल्या भाकरी घेऊन आले, आम्ही दूर देशाचे आहो असे म्हणाले, आणि पुढाऱ्यांनी परमेश्वरास न विचारता त्यांच्याशी करार केला. फसवणूक उघडकीस आली. पण यहोशवाने दिलेला शब्द मोडला नाही. लोकांनी कुरकुर केली तरी त्याने गिबोनकरांस मारू दिले नाही, आणि पुढे त्यांच्यावर चाल झाली तेव्हा तो रातोरात त्यांच्या मदतीस धावला. खरा नेमलेला पुढारी चुकत नाही असे नव्हे. तो आपल्या चुकीची किंमत दुबळ्यांकडून वसूल करीत नाही.

एक लहानशी गोष्ट सांगून आवरते घेतो. यहोशवाच्या पुस्तकाच्या आरंभी मोशेस परमेश्वराचा सेवक म्हटले आहे आणि यहोशवास मोशेचा मदतनीस. परमेश्वराचा सेवक ही पदवी यहोशवास नेमणुकीच्या दिवशी मिळाली नाही. ती त्यास पुस्तकाच्या शेवटी मिळाली, एकशेदहा वर्षांचा होऊन तो मेला त्या वेळी. नेमणूक आरंभी होते, पदवी शेवटी मिळते. मधली सर्व वर्षे नदी, नांगर, भांडणे, वाटण्या आणि लोकांची कुरकुर ह्यांत जातात.

१९९३ सालच्या सप्टेंबरातील ती काळरात्र आपल्या जिल्ह्यातील उमरगा व लोहारा भागांतील पुष्कळांच्या स्मरणात आहे. पहाटेपूर्वी भूकंपाने घरे कोसळली, आणि कित्येक घरांत काल ज्यास कोणी काही विचारीत नव्हते तो पोरगा सकाळी घराचा कर्ता झाला. त्यास कोणी समारंभाने नेमले नाही. धाकट्या भावंडांस भाकरी कोण देणार, हाच त्याचा हुकूम होता. पाचारण पुष्कळदा असेच येते. मेंढरे उघड्यावर आहेत हे ज्यास दिसते आणि ज्यास त्यामुळे झोप येत नाही, त्यानेच आधी कान देऊन ऐकावे.

तेव्हा ज्या मंडळीचा मोशे गेला आहे तिने तीस दिवस रडावे. परंतु एकतिसाव्या दिवशी कबर शोधीत बसू नये. आपल्यांत कोण मंडपापासून हलत नाही, कोण खरे बोलून दगड खातो, कोण मागे चालावयास लाजत नाही, हे पाहावे. तो कदाचित मोठ्या घरचा नसेल. कदाचित ती एखादी विधवा बाई असेल, किंवा दिवसा दुसऱ्याच्या शेतात राबून रात्री मुलांस गीते शिकविणारा तरुण असेल. त्याच्यावर दोन्ही हात ठेवावेत. आणि त्या मनुष्याने चाड्यावर मूठ धरताना भ्यावे, पण मूठ सोडू नये. बी त्याचे नाही, रानही त्याचे नाही. हात मात्र त्याचा आहे, आणि तोच आज मागितला आहे.